कबूल न झालेली उडी

आमचे काका घरात मांजराच्या पावलांनी चालायचे. कुणी कपाट जरा जोरात लावलं की गरजायचे, "कुणी आपटलं?" त्यांच्या गरजण्याने शेजारीसुद्धा दचकायचे, पण तो आवाज आवाजात धरायचा नाही, असा घरचा कायदा होता.

दोष नोकरीचा. प्रयोगशाळेत अ‍ॅल्युमिनियमचा एक अवजड दंडगोल तारेवर टांगलेला होता आणि काका त्याचे राखणदार. लांब आकाशात दोन तारे एकमेकांवर आदळले की त्याची लाट इथवर येते आणि दंडगोल थरथरतो म्हणे. पण इतका कमी, की डोळ्यांना दिसायची सोयच नाही. म्हणून त्याला स्फटिक चिकटवलेले. ते थरथरीची वीज करायचे, काकांनी जोडलेलं सर्किट ती वाढवायचं, आणि कागदावरची रेघ उडी मारायची. तारे काही आदळायचं मनावर घेईनात. रेघ उडायची ती जिन्यात कुणी धावलं म्हणून. मग काका मजलाभर फिरायचे आणि ज्याने केलं त्याने मुकाट्याने कबूल करायचं, ही तिथली रीत. कुणीच कबूल न केलेली एक तरी उडी निवृत्त व्हायच्या आत बघायची, एवढीच त्यांची इच्छा.

ती एका दुपारी आली. काकांनी प्रत्येकाला विचारलं, प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनाही सोडलं नाही. कुणीच काही केलं नव्हतं. सर म्हणाले, "उद्या दुसऱ्या प्रयोगशाळेला कळवू या." जेवणाचा डबा आलाच नाही, हेही आनंदात काकांच्या लक्षात आलं नाही. घरी आले ते चक्क दार आपटून, आणि सगळ्यांना उडीची बातमी सांगितली.

काकूंचं तोंड उतरलं. "अहो, डबा घेऊन आले होते मी. जिन्यात हातातून सटकला, पार खालपर्यंत गडगडत गेला. तुम्ही ओरडाल म्हणून तशीच परत फिरले."

मला काकूंचा भयंकर राग आला. एक दिवस तरी गप्प बसायचं! काका खुर्चीत बसले. आता गरजतील म्हणून आम्ही कानांवर हात ठेवले. ते म्हणाले, "तुला लागलं नाही ना?"

सकाळी त्यांनी सरांना सांगितलं, "डबा माझ्याच हातून पडला. काल सांगायची लाज वाटली." सर असे कडाडले की रेघ पुन्हा उडाली. जन्मभर दुसऱ्यांना पकडणारा आज स्वतःच सापडला, म्हणून सगळा मजला पोट धरून हसला. काका मान खाली घालून उभे होते.

संध्याकाळी काकूंनी भीतभीत विचारलं, "सर माझ्यावर फार चिडले का हो?"

"छे!" काका बूट काढत म्हणाले. "तुझं नावच कुठे निघालं?"