बाबांची कॅप

शाळेतून निवृत्त होण्याआधी दात पांढरे करून घ्यायचे, हे बाबांनी मनावरच घेतलं. चहा-तंबाखूनं ते पार तपकिरी झाले होते. मी त्यांना मूर्तिजापूरहून अमरावतीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बसमध्ये त्यांना स्वस्थ बसवेना.

"दात ढिले तर नाई होत व?" त्यांनी मला तीनदा विचारलं.

बाईंनी आधी कीड लागलेली दाढ भरली, दात साफ केले. पांढरं करायचं औषध पुढच्या खेपेला लावू, म्हणाल्या. थोडे दिवस थंड पाणी झोंबेल, मग थांबेल. "पण समोरच्या दातावर कॅप आहे. तिचा रंग बदलत नाही. बाकीच्या दातांचा रंग स्थिरावला की नवी बसवू. तोवर दोनेक आठवडे जातील."

निरोप समारंभ त्याआधीच होता. "मंग थो एकटाच पिवळा दिसन!" बाबा खुर्चीतून अर्धे उठले. मी म्हटलं, समारंभानंतर करू. ते ऐकेनात; पुढच्या खेपेला त्यांनी औषध लावूनच घेतलं.

समारंभात त्यांनी तोंडापुढे रुमाल धरूनच भाषण केलं. पोरांना वाटलं, सर रडतात. पोरंही रडायला लागली.

घरी येताना त्यांनी विचारलं, "कितीक जनायनं पाह्यलं असन?"

"कोनीच नाई. सारे रडून राह्यले होते."

तरी नवी कॅप बसेपर्यंत ते दिवसातून कितीदा तरी आरशापुढे उभे राहायचे. ती बसल्यावर मात्र आरसा पाहायच्या आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंडभर हसले.