थंडोबाचे न गोठणारे पाणी

“जे पाणी गोठतच नाही, ते पाणीच आहे हे तुम्ही ओळखता कशावरून?” बायकोच्या या प्रश्नाला थंडोबाला शेवटपर्यंत उत्तर देता आले नाही. थंडोबा हे विद्यार्थ्यांनी ठेवलेले नाव. पदार्थविज्ञानाच्या या अधिव्याख्यात्याने ते निमूटपणे पत्करले होते. शीतपेटीपुढे बसून बसून आपल्यालाही तिचीच गती आली आहे, याविषयी त्याचे दुमत नव्हते.

त्याचा विषय सच्छिद्र काच. दिसायला साधी चकती, पण आत डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांचे जाळे. त्यात शिरलेले पाणी शून्य अंशाला गोठायला साफ नकार देते. छिद्राच्या भिंतीला चिकटलेला थर तर त्याहून कितीतरी खालीही बधत नाही. छिद्र जितके अरुंद, तितका हट्ट मोठा. थंडोबाचे पाणी मात्र आजवर नोंदल्या गेलेल्या कुणाच्याही पाण्यापेक्षा हट्टी निघाले. त्याने घाईघाईने एका नियतकालिकाकडे शोधनिबंध धाडला, तो स्वीकारलाही गेला. प्राध्यापकपद त्याच निबंधावर अडले होते. आरशासमोर तो मान किंचित तिरकी ठेवून उभा राहू लागला. छायाचित्रात तसे शोभते, असा त्याचा समज.

मिरवण्यासाठी एक चकती त्याने घरी आणली. बायकोने ती नाकाशी नेली.

“अहो, हिला तुमच्या कपाळाचा वास येतोय.”

“काचेला वास नसतो.”

“मग पिवळी का पडलीय?”

“मुरलीय ती.”

“ती मुरलीय, की तिच्यात बाम मुरलाय?”

थंडोबाने चकती तिच्या हातून घेऊन हुंगली. डोकेदुखीचा बाम विद्यार्थ्यांनी पळवू नये म्हणून तो चकत्यांच्याच हवाबंद डब्यात ठेवत असे. सच्छिद्र काच हवेतली वाफ अधाशासारखी पिते, हे तो दरवर्षी फळ्यावर लिही. लिहून डोके दुखले की तोच डबा उघडी. बामाने छिद्रे आतून लिंपून अरुंद केली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने चकत्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये उकळल्या. काच लख्ख झाली आणि पाणी चारचौघांच्या पाण्यासारखे ठरल्या अंशाला गोठले. त्याबरोबर आपले प्राध्यापकपदही गोठले, असे तो पुढे चवीने सांगे. त्या दिवशी मात्र निबंध मागे घेण्याच्या पत्राचे पहिले वाक्य जमायलाच दुपार गेली.

“कारण लिहिलंत?” बायकोने विचारले.

“बाम असं लिहू?”

“कंपनीचं नाव सोडून सगळं लिहा.”

त्याने सगळे लिहिले.

१९९३ साली तो अधिव्याख्याता म्हणूनच निवृत्त झाला.