लसणाला खळ

कुंताबाईने उभ्या आयुष्यात लसूण विकत घेतला नव्हता. ती माझी मोठी आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिचं माहेर मोहाडीच्या विणकरांचं. पहिल्या बाळंतपणानंतर सासरी, करडी गावाला परतताना तिच्या आईने लाडवांच्या डब्यात लसणाचे पाच गड्डे घातले होते. धान कापलं की घरामागच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, ती त्याच लसणाचे वाफे करायची आणि पुढच्या वर्षाचं बियाणं वेणी घालून चुलीवर टांगायची. असं चाळीस वर्षं. आई गेली, लसूण राहिला.

दोन हजार अठराच्या जानेवारीत अवकाळी पावसाचं पाणी बांधीत तुंबलं आणि आठवड्यात पात पिवळी पडली. मी नुकतीच कृषी पदविका संपवली होती. तिचा फोन आला, "पोरी, माह्या मायचा लसन जाऊन राहिला वं. ये."

मी एक रोप उपटून पाहिलं. "मुळं गुदमरलीत मोठी आई. मातीत खत टाकून उपयोग नाही. पाण्यात विरघळणारं खत पानांवर फवारू. मुळं सावरेपर्यंत पानं खातील."

"तापातल्या लेकराले चमच्यानं पेज पाजतो, तसं?"

"अगदी तसंच."

खाटेवरून भोजराज मोठे बाबा म्हणाले, "डाक्टरीन आली! आता लसनाले सलाईन लावते."

"तुमाले लावली होती तवा गुमान पडले होते ना? आताबी पडा."

लिटरला पाच ग्रॅम खत घालून मी फवारायला लागले. कुंताबाई वाकून पाहत होती. "पोरी, थे खातच नाही. सारं खाली सांडून राहिलं."

खरंच. लसणाची पात मेणचट. थेंब घरंगळत होते. थेंब धरून ठेवणारं चिकट औषध आणायलाच मी विसरले होते. वहीत ते मीच दोनदा अधोरेखित केलेलं.

"मोहाडीहून आणते," मी म्हटलं. पण ती चुलीपाशी पोचली होती. माहेरी ताण्याच्या सुताला लावायचे तशी तांदळाची पातळ खळ तिने शिजवली. पंपाचं तोंड बुजू नये म्हणून जुन्या लुगड्यातून दोनदा गाळली. मला खात्री नव्हती. आधी एकाच ओळीवर मारून पाहिलं. थेंब पातीवर पसरले आणि थांबले.

"सूत धरते, तर पान काहून नाही धरणार?" ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी पुन्हा फवारलं. मधली नवी पात हिरवी निघाली.

मार्चमध्ये लसूण काढला, तेव्हा बरेच गड्डे सुपारीएवढेच होते. पाकळ्या न भरलेले ते गड्डे बियाण्याच्या कामाचे नव्हते. शेजारणींनी भाजीला नेले. भरलेले तेवढे निवडून तिने वेण्या घातल्या. दोनच झाल्या.

त्या आठवड्यात तिने पहिल्यांदा बाजारातून लसूण आणला. मोठ्या बाबांनी चटणी चाखून तोंड वाकडं केलं आणि चुलीवरच्या वेण्यांकडे नजर टाकली.

"तिकडं पाहू नोका," ती म्हणाली. "थे बियाण्याचं होय. यंदा आपण त्याले जेवू घातलं. थे आपल्याले पुढच्या साली घालते."