विहिणीपेक्षा काळे केस

पोरीच्या लग्नात विहिणीपेक्षा तरुण दिसायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. लोखंडी कढईत मेंदी भिजवा, मग तीन तास ती डोक्यावर घेऊन बसा, एवढा धीर कोणाला? गोंदियाच्या बाजारातून काळ्या रंगाची पुडी आणली अन् अर्ध्या तासात केस कुळकुळीत केले. आधी थोडं लावून बघा, असं पुडीवर लिहिलं होतं. मी ते वाचलंही होतं. सकाळी डोळे सुजून बंद!

मांडवात विहीण गळ्यात पडली. "ताई, कायले एवढं रडून राहिल्या? पोरगी सुखात राहीन आमच्या घरी."

मीही शहाणी, पदर डोळ्यांना लावला. विहीण अजून माझ्या मायेचं कौतुक सांगत फिरते. पोरीला खरं ठाऊक आहे, म्हणून मेंदी तीच पाठवते.