‘शोकाकुल’ छापताना नडणारा गंगाधर

गंगाधर गेल्याचं मला मोबाइलवर आलेल्या एका फ्लेक्सच्या फोटोतून कळलं. निलंग्याच्या चौकात लावलेला फ्लेक्स. वर त्याचा हसरा चेहरा, खाली ‘शोकाकुल’ आणि त्याखाली एकवीस नावं. त्यांत माझंही होतं, मला न विचारता टाकलेलं. डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला राग आला, आणि तोही गंगाधरचाच. ज्या शब्दावरून या माणसानं आयुष्यभर माझं डोकं खाल्लं, त्याच शब्दाच्या वर हा आता निवांत हसत होता…

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात माझा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि मयताची कार्डं, एवढंच काम. गंगाधर माझा कंपोझिटर. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडून तो आणि त्याची बायको सुमन पुढं लातुरात आले. शिक्षण सातवी, पण अक्षरांचे शिशाचे खिळे असे झरझर उचलायचा की बघत राहावं. शुद्धलेखन माझ्याहून चोख. खोड एकच. मयताचं कार्ड छापायला कुणी आलं, की मान वर न करता विचारायचा, “ह्यात शोकाकुल कोण हाय नक्की?”

गिऱ्हाईक गांगरायचं. एक जावईबापू म्हणाले, आम्ही सगळेच. तर यानं विचारलं, आज जेवलात का? जावईबापूंच्या तोंडात पान होतं. ते काम शेजारच्या छापखान्यात गेलं. मी रागावलो, समजावलं, हातसुद्धा जोडले. अरे बाबा, हा नुसता रिवाज आहे. ‘आपला नम्र’ लिहिणारा कुठं नम्र असतो? तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, “शोक समद्यांना होतो, मालक. आकुल एखादाच होतो.” मी कपाळाला हात लावायचो.

मग लातूर जिल्हा झाला. ज्याच्या-त्याच्या लेटरहेडवरचं ‘जिल्हा उस्मानाबाद’ काढून नवं छापायचं होतं, छापखान्याला श्वास घ्यायला सवड नव्हती. त्याच धांदलीत एका पुढाऱ्याचे वडील वारले. कार्डावर चाळीसेक नावं होती, निम्मी नव्या जिल्ह्यात पदं मिळवू पाहणाऱ्यांची. मी दोन दिवस नांदेडला कागद आणायला गेलो होतो. परत आलो तर पुढाऱ्याच्या माणसानं कार्डांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला. ‘शोकाकुल’खाली एकच नाव होतं, म्हाताऱ्याच्या बायकोचं. बाकी सगळी मंडळी ‘कळविणारे’ या शब्दाखाली.

त्या दिवशी मी गंगाधरला गिऱ्हाइकांसमोर नको नको ते बोललो. तो उभा राहून ऐकत होता. सगळे गेल्यावर म्हणाला, “खडीच्या कामावर असताना माझी दीड वर्षाची लेक तापानं गेली, मालक. दुपारी पुरली. सुमन शोकाकुल झाली, मी न्हाई झालो. मला संध्याकाळी भूक लागली. मी जेवलो. जेवणाऱ्यानं ह्यो शब्द आपल्या नावावर लावू नये.”

कार्डं मात्र पुन्हा छापावीच लागली. ती चाळीस नावं त्यानंच जुळवली, एकही चूक न करता. मी त्याला कामावरून काढलं नाही, आणि तो प्रश्न विचारायचाही थांबला नाही. पुढं कॉम्प्युटर आला, खिळे भंगारात गेले, गंगाधर निलंग्याला गेला. तिथूनही फोन करून माझ्या जाहिरातींतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सांगायचा. फोन ठेवल्यावर मी चरफडायचो, आणि आठवडाभर फोन आला नाही तर त्यावरूनही.

आठ दिवसांनी निलंग्याला गेलो. त्याचा मुलगा मिलिंद पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका लिहायला बसला होता. नावांची यादी पानभर. मी म्हटलं, एवढी नावं तुझ्या वडिलांना चालली नसती. आणि का ते सांगताना भूक लागल्याची ती गोष्ट सांगितली. सुमनवहिनी दारापाशी बसल्या होत्या.

“जेवले? कोण म्हणलं?” त्या म्हणाल्या. “तीन दिवस माझ्यासमोर भाकर घेऊन बसायचे. जरा तोंड हलवायचे अन् उठून कुत्र्याला घालायचे. मी खावं म्हणून सोंग. चौथ्या दिवशी धरलं मी. रेशनच्या तांबड्या मिलो जोंधळ्याची का असंना, त्या सालात भाकर कुत्र्याला? लई भांडले मी.”

मिलिंदनं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं, मीही. माझं डोकं पुन्हा सणकलं. हा माणूस इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शोकाची उलटतपासणी घेत राहिला आणि स्वतःचा असा लपवून बसला… आता भांडायचं तरी कुणाशी?

मिलिंदनं माझं नाव ठेवू का म्हणून विचारलं. मी काढायला सांगितलं. आईचं आणि तुझं, एवढंच ठेव म्हटलं.

गंगाधरची खाट खिडकीखाली होती. उशाला त्याचा जाड भिंगाचा चष्मा, वर्तमानपत्रावर पालथा. त्या पानावर तांबड्या शाईनं दोन वेलांट्या दुरुस्त केलेल्या होत्या. सुनेनं खाटेसमोरच ताटं मांडली. वहिनींनी सकाळपासून काही खाल्लं नाही, असं ती हळूच म्हणाली. मला भूक नव्हती. वहिनी समोर बसून माझ्या ताटाकडं बघत होत्या. मी भाकरी मोडली आणि पहिला घास घेतला.