सातवी ब आणि उत्तर ध्रुव

बी.एड.च्या अंतिम पाठाला मी चुकीच्या वर्गात जाऊन वीस मिनिटं शिकवलं.

परीक्षक बाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून शाळेने सातवी ब त्या दिवसापुरती तळमजल्यावर आणली आणि तिथली सहावी ब वर पाठवली. तशी सूचना सकाळीच फळ्यावर लागली होती. ती लिहिली होती मीच. अक्षर चांगलं म्हणून मला सांगितलं, आणि मी ते वळणदार काढण्यात इतका रमलो की सूचना वाचायची राहून गेली.

वय एकोणचाळीस. वाघोलीच्या एका गोदामात सुपरवायझर असताना रजा जोडून-जोडून भूगोलात एम.ए. केलं, मग नोकरी सोडून बी.एड.ला बसलो. दोन वर्षं घर बायकोच्या पगारावर. हडपसरच्या एका शाळेने सांगून ठेवलं होतं, पास झालात तर जूनपासून या. नापास झालो असतो तर ती जागा गेलीच.

तर मी नेहमीच्या सवयीने वर गेलो. चेंडू, त्यात खुपसलेली विणकामाची सुई, दिवा, तक्ते, सगळा संसार टेबलावर मांडला. विषय ऋतू कसे होतात. भीती वाटली तर मुलांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी ते इतकं मन लावून पाळलं की समोरचा एकही चेहरा ओळखीचा नाही हे कळलंच नाही. मागच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. परीक्षक उशिरा येतात, मी म्हटलं. मुलंही बिचारी गप्प. वर्षभर आमच्यासारखे इतके येऊन गेले होते की कोण येऊन काय शिकवतो, हे विचारणं त्यांनी सोडून दिलं होतं.

शिपाईमामा धापा टाकत आले. "अहो सर, तुमची परीक्षा खाली चालू आहे. तुमच्याशिवाय."

मी तसाच जिना उतरलो. खडू तेवढा हातात.

परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. "तेरा मिनिटं उरलीत. साधनं?"

"वर राहिली, मॅडम."

"तुम्ही आलात, हेच पुष्कळ. करा सुरू."

काय करणार? एका मुलाची पिवळी बाटली टेबलावर ठेवली. "हा सूर्य." मग मान खाली घालून माझं टक्कल वर्गाला दाखवलं. "हा उत्तर ध्रुव." आणि जो हशा उसळला! मग मान खिडकीकडे कलवली आणि ती तशीच ठेवून मी टेबलाला प्रदक्षिणा घालू लागलो. अर्ध्या फेरीत मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "सर, टक्कल सूर्याकडे आलं की आपल्याकडे उन्हाळा!" मी विचारलंही नव्हतं. एका मुलीने हिवाळा सांगितला. परीक्षक बाई तोंडावर पदर धरून लिहीत होत्या. मी पहिल्यांदाच भिंतीऐवजी मुलांकडे बघत होतो.

पास झालो. आज हडपसरच्या त्या शाळेत सातवीला भूगोल शिकवतो, आणि घराच्या दाराशी माझ्या नावाची पाटी बायकोने लावली आहे, एम.ए., बी.एड. सकट. येता-जाता मी ती पुसतो. धूळ नसली तरी.

पण त्या दिवशी पाठ संपल्यावर सामान आणायला मी वर गेलो. सहावी ब तशीच बसलेली. पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "सर, आमचा अर्धाच झाला."

गुण द्यायला कोणी नव्हतं. पण एक वर्ग मला शिकवायला परत बोलावत होता. उगाच घसा खाकरत, छाती जरा पुढे काढत, मी चेंडू उचलला.

"चेंडू राहू द्या सर," ती म्हणाली. "शिपाईमामा सांगत होते, खालच्यांना टक्कल दाखवलंत ना? तेच दाखवा. चेंडूने काही कळत नव्हतं."