सरूने मागे घेतलेली साक्ष

सरूच्या साक्षीला पहिली टाळी मी वाजवली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी दुसऱ्यांवर तोंड सोडेन आणि तुम्हांला वाटेल, ही बाई अगदी धुतल्या तांदळासारखी.

मी रोहिणी. पेणच्या एका खाजगी दवाखान्यात सोळा वर्षं आया होते. आता रोह्याला, अष्टमीत राहते. आमच्याकडे दर रविवारी प्रार्थनेला चाळीस-पन्नास माणसं जमतात. चर्चची इमारत वगैरे काही नाही. पास्टर सुशीलच्या घराची पडवी, वर पत्रे, खाली सतरंज्या. गाणी होतात, बायबलमधलं वचन होतं, आणि मध्ये साक्ष होते. देवाने ज्याच्यासाठी काही केलं त्याने उभं राहून ते चारचौघांत सांगायचं, ती साक्ष. कुणाच्या पोराला कंपनीत काम लागलं, कुणाची दारू सुटली. ऐकून दुसऱ्याला बळ येतं. मलाही आलंय, उगाच नाही कशाला म्हणू.

सरू कासूची. नवरा काळुराम धरमतरला जेट्टीवर, बार्जमधला माल उतरवायच्या कामाला, शिफ्टमध्ये. घरची थोडी भातशेती सासू सीताबाई बघते. सरू स्वतः पेणला पोह्यांच्या गिरणीत जायची. काटकुळी बाई, बोलायला कमी, आणि बोलली तरी अर्धं पुटपुटणार. एकुलती एक मुलगी भूमिका. पाच वर्षांची असताना अंगणात खेळता खेळता तिला पहिली फिट आली आणि मग महिन्याला एक-दोन ठरलेल्याच. पोरीला कडेवर घेऊन सरू आमच्या दवाखान्यात यायची, तिथे आमची ओळख. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, सकाळ-संध्याकाळ. आणि मी तिला म्हटलं, गोळ्या देच, पण रविवारी आमच्याकडे प्रार्थनेला पण ये. सासूने आडकाठी केली नाही. तुझा देव तुझ्याजवळ, पण पोरीची हयगय नको, एवढंच ती म्हणाली. काळुरामचा कशावरच विश्वास नव्हता. शिफ्टवरून येऊन झोपणं एवढंच त्याला ठाऊक.

तीन वर्षं सरू आली. कासूवरून सकाळची गाडी पकडून, पोरीला घेऊन. मागे बसायची, डोळे मिटून ओठ हलवायची. तिचा विश्वास साधा होता. गिरणीत पोहे चाळताना सुद्धा ती देवाशी बोलायची, आज भूमिकाने डबा संपवला, आज शाळेत गणित आलं, असलं काहीबाही. मला हसू यायचं. मनातून थोडा हेवाही वाटायचा.

आणि भूमिकाच्या फिट थांबल्या. एक महिना, चार महिने, दहा महिने. नाताळानंतरच्या दुसऱ्या रविवारी पास्टरांनी विचारलं, कुणाची साक्ष आहे का. मी सरूला कोपराने ढोसलं, ऊठ गो, किती दिवस गप्प बसणार. ती बिचारी उठली. म्हणाली, माझ्या पोरीला दहा महिने फिट आली नाय, देवाची कृपा हाय. एवढंच. खरं होतं ते, शंभर टक्के खरं. तिथेच बसू द्यायला हवं होतं तिला.

पण आमचे हैबतराव. मंडळीतले वडीलधारे, कंपनीतून रिटायर झालेले, आवाज असा की माईक नको. ते पुढून म्हणाले, "आणि गोळ्या? बंद केल्या ना, बाई?"

सगळी सतरंजी मागे वळून सरूकडे बघायला लागली. ती माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली असती, नुसतं नाही म्हटलं असतं, तरी निभावलं असतं. सरू म्हणाली, "व्हय. केल्या."

मी टाळी वाजवली. माझ्या मागोमाग सगळ्यांनी वाजवली. सोळा वर्षं दवाखान्यात घालवलेली बाई मी, फिटची गोळी अशी एकदम तोडायची नसते हे झोपेतही सांगेन, आणि मी टाळी वाजवली. गोळ्या चालू आहेत असा मला संशयही आला होता. पण पडवीत असा काही आनंद पसरला होता की त्यात मिठाचा खडा कोण टाकणार.

पुढचं मला सरूने फार उशिरा सांगितलं. गाडीत ती पोरीला मांडीवर घेऊन बसली आणि तिला घाम फुटला. देवाचं नाव घेऊन, सगळ्यांदेखत, ती खोटं बोलली होती. आता ते खोटं ठेवून जगायचं कसं? तिने तिच्या परीने वाट काढली. त्याच संध्याकाळपासून तिने गोळी दिली नाही. बोलले ते खरं करून टाकायचं, म्हणजे खोटं राहणार नाही. पाकीट तिने तांदळाच्या डब्यात खाली दडवलं आणि सासूला सांगितलं, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलीय.

ऐकणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल. आम्हांला वाटत नाही. चारचौघांत उभं राहून बोललेला शब्द आमच्यात फार मोठा. तो मागे घेणं म्हणजे देवालाच खोटं पाडणं, असं आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. सरूच्या जागी मी असते तर मीही कदाचित हेच केलं असतं.

एकोणीस दिवस काही झालं नाही. विसाव्या दिवशी शाळेत, खिचडीच्या रांगेत भूमिका कोसळली. सरूने बाईंना सांगितलं, सकाळी उपाशी होती म्हणून चक्कर आली. त्यानंतर घरात एक फिट, मग आणखी एक. तिने कुणालाच सांगितलं नाही. एकदा सीताबाईने पाहिलं, तर सरू तिच्या पाया पडली, ह्यांना नका सांगू म्हणून. गोळी पुन्हा द्यायचं तिच्या रोज मनात यायचं. पण तिला वाटायचं, ही फिट आपल्या खोटेपणाची शिक्षा आहे, आणि आता गोळीला हात लावला तर अविश्वासाची वेगळी शिक्षा होईल. मग ती उपास करायला लागली. आधी बुधवारी, मग शुक्रवारी पण. गिरणीत उभ्या उभ्या तिला भोवळ यायची.

आणि आम्ही काय करत होतो? हैबतरावांनी तिची साक्ष मोबाईलवर घेतली होती, ती त्यांनी सगळ्या ग्रुपवर पाठवली. नागोठण्याची, पालीची माणसं आजारी पोरंबाळं घेऊन सरूकडे यायला लागली. ताई, आमच्या डोक्यावर हात ठेव. ती हात ठेवायची. तिचा हात कापायचा, आणि लोक म्हणायचे, बघा, कसं सामर्थ्य उतरतंय. एका रविवारी तिने नात्यातल्या एका मुलीसाठी प्रार्थना करायला सांगितली, तिला फिट येतात म्हणून. त्या नात्यातल्या मुलीसाठी मी मोठमोठ्याने प्रार्थना केली. भूमिका माझ्या शेजारी बसली होती.

मग मनाली आली. नागोठण्याची, चांगली शिकलेली. तिचा साईराज सात वर्षांचा, त्याला हाच आजार. तिने सरूची साक्ष ऐकली होती. हैबतरावांनी ठरवूनच टाकलं की पुढच्या रविवारी मनाली सगळ्यांसमोर पोराच्या गोळ्या बंद करेल आणि सरू त्याच्यासाठी प्रार्थना करेल. सरूने मान डोलावली. त्या आठवड्यात ती दोन दिवस काही जेवली नाही, असं सीताबाई मला नंतर म्हणाली.

शनिवारी सकाळी भूमिकाला फिट आली ती थांबेचना. एक जात होती, दुसरी येत होती. शेजाऱ्याच्या टेम्पोतून पेण, तिथून ॲम्ब्युलन्सने अलिबाग. काळुराम ड्यूटीवरून तसाच धावत आला, कपड्यांना कोळसा. डॉक्टरांनी विचारलं, गोळी कधीपासून बंद आहे. सरूने तारीख सांगितली. काळुरामने ऐकलं. तो तिला मारेल असं तिला वाटलं. त्याने फक्त कॉटच्या दांडीवरचा तिचा हात बाजूला केला आणि पलीकडे जाऊन बसला. मारलं असतं तर बरं, असं ती म्हणाली मला.

रविवारी सकाळी सहाला मला सरूचा फोन. सगळं तेव्हाच कळलं, एका दमात सांगितलं तिने. पोरगी बेशुद्ध आहे, डॉक्टर काही सांगत नाहीत. आणि म्हणाली, ताई, तुम्ही आज मनालीला थांबवा.

मी काय म्हटलं ते लिहायला लाज वाटते. मी म्हटलं, सरू, तू आधी पोरीजवळ बस. आज बाहेरगावचे पाहुणे आहेत, सगळ्यांत बोभाटा होईल. मी उद्या मनालीला बाजूला घेऊन नीट सांगते. एक दिवसाने काय होतंय.

ती म्हणाली, "एक दिवसाचं मला विचारा, ताई." आणि फोन ठेवला.

दहा वाजता आमचं दुसरं गाणं चालू होतं आणि सरू पडवीच्या पायरीवर उभी होती. अलिबागहून एस.टी.ने आली होती, कालच्याच साडीत. बेशुद्ध पोरीला सोडून आली होती, कारण मी माझं तोंड उघडलं नव्हतं. गाणं आपोआप थांबलं. ती मागे बसली नाही. सरळ मध्ये आली.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "त्या दिवशी गोळ्या चालू होत्या. घरी जाऊन बंद केल्या, माझं बोलणं खरं व्हावं म्हणून. भूमिका कालपासून बेशुद्ध हाय. मनाली, पोराची गोळी तोडू नको गो."

आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचला असेल. मग हैबतराव घसा खाकरत म्हणाले की हा विश्वास कमी पडल्याचा परिणाम आहे, बाईने घट्ट धरून राहायला हवं होतं. तिथे माझं डोकं फिरलं. कुणावर जास्त फिरलं, त्यांच्यावर की माझ्यावर, देव जाणे. मी उठले आणि म्हटलं, "बसा खाली, हैबतराव. विचारलंत तुम्ही आणि टाळी वाजवली मी. हिच्या विश्वासाचं माप काढायची आपली दोघांचीही लायकी नाही. गोळी तोडायची नसते, मला ठाऊक होतं."

ते बसले. पास्टर सुशील पुढे आले, त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, मी इतक्या गावांत सरूची साक्ष सांगितली, पण तिच्या पोरीची चौकशी एकदाही केली नाही. मनाली केव्हाच उठली होती. नळापाशी उभी राहून साईराजला सकाळची राहिलेली गोळी देत होती.

मी सरूबरोबर अलिबागच्या गाडीत बसले. ती खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून होती. मग म्हणाली, त्याचं नाव घेऊन खोटं बोलले, आता तो माझं ऐकेल का? माझ्याकडे एरवी प्रत्येक गोष्टीला वचन तयार असतं, लोक कंटाळतात मला. त्या वेळी एक आठवेना. मी म्हटलं, मला नाही माहीत गो. माझं ऐकेल का, ते तरी कुठे माहीत आहे.

पुढचं आत्ताच सांगते, तुमचा जीव टांगणीला ठेवून मला काय मिळणार आहे. मंगळवारी भूमिकाने डोळे उघडले. उजवा हात अजून नीट चालत नाही, शब्द अडतात, शाळा पुढच्या वर्षीच. पण त्या रविवारी दुपारी हे आम्हांला कुणाला ठाऊक होतं? वॉर्डात शिरलो तेव्हा पोरगी तशीच बेशुद्ध पडली होती, नाकात नळी, आणि काळुराम तिच्या पायाशी.

कुठं गेली होतीस, त्याने विचारलं. सरूने सगळं सांगितलं, साक्षीपासून एस.टी.पर्यंत. काही झाकलं नाही. तो ऐकत होता, मधूनच पोरीचं पांघरूण सारखं करत होता. मला वाटलं, आता हा हिला घालवून देणार. आणि दिलं असतं तर मी काय बोलणार होते?

मग तो म्हणाला, "मला मागता येत नाय. तुला येतं म्हणतात. माग."

"मला पण आता येत नाय," सरू म्हणाली.

"मग येईल तसं माग."

ती खाली फरशीवर बसली. पोरीचा तळवा हातात घेतला. इतकी वर्षं मी प्रार्थना ऐकते, लांबलचक, तालासुरात केलेल्या. ही तशी नव्हती. "प्रभू, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "तुझ्या नावावर बोलले. माझ्यापाशी विश्वास-बिश्वास काय उरला नाय. ही तूच दिलेली. गोळी पण तूच दिली असशील, मला कळलं नाय. मी सोडलं, तू सोडू नको." पुढे तिला सुचेना.

आमेन म्हणायचं काम माझं होतं. मी तोंड उघडायच्या आत पलीकडून काळुरामच म्हणाला, "व्हय."